मागचे तीन दिवस

आमचे सर कुणाकडे भेटायला गेले की आधी खिशातून थर्मामीटर काढायचे. तापाचा नव्हे, हवेचा. बाकीचे प्राध्यापक जिथे पेन खोचतात तिथे ते ही काचेची नळी खोचून हिंडत. यजमानीण पाणी आणायला आत वळली की नळी हळूच सोफ्याच्या हातावर ठेवत आणि चहा संपेपर्यंत एक डोळा तिच्यावर ठेवून गप्पा मारत. चहा संपला की निकाल. "तुमच्या हॉलमध्ये बाहेरपेक्षा जास्त आहे जी. म्हातारीले इथं नका झोपवू." म्हातारी बहुतेक वेळा समोरच बसलेली असे. एकदोन घरांतून त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. पण म्हातारीची खाट मात्र आतल्या खोलीत गेली, ही बातमी काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, नंतर चौकशी करून आणली होती.

सर संख्याशास्त्राचे. आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर लोक जशी बागेत खुरपी घेऊन बसतात तसे हे मरणाचे आकडे घेऊन बसले. नागपुरात ऊन किंवा थंडी वाढली की हृदयविकाराने जाणारी माणसं किती वाढतात आणि किती दिवसांनी वाढतात, हे त्यांना शोधायचं होतं. एक छोटा प्रकल्प मिळाला होता, पण कॉलेजने खोली दिली नाही. म्हणून प्रकल्प त्यांच्या प्रताप नगरच्या घरातल्या हॉलमध्ये चाले. दोन संगणक, एक कूलर, मृत्यूच्या रजिस्टरांच्या झेरॉक्सचे छताकडे निघालेले ढीग, आणि मी. मी दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, बी.एस्सी.ला हाच विषय होता, आणि नोकरी सोडून घरी बसले होते. काकूंनीच मला भाजीवाल्याच्या गाडीपाशी हेरलं.

सरांचं एक खूळ सगळ्या खुळांच्या वर होतं. ते आजच्या दिवसाकडे बघतच नसत. काहीही झालं की विचारत, "मागचे तीन दिवस कसे होते?" ऊन आज पडतं आणि माणूस आजच जातो असं नाही, उद्या जातो, परवा जातो. थंडीचा हिशेब तर आठवडाभर, कधी त्याहून जास्त लांबतो. हे त्यांच्या शास्त्रापुरतं ठीक होतं. पण त्यांनी ते सगळ्या संसाराला लावलं होतं. काकू रागावल्या की ते आज काय चुकलं ते कधीच शोधत नसत, डायरी काढून सोमवारपासून वाचायला लागत. "बुधवारी तिच्या बहिणीचा फोन मी उचलला नव्हता. ते आता निघून राहिलं," असं मला हळू आवाजात सांगत. गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा बरोबर निघे, आणि त्याने काकू आणखी चिडत.

एकदा धरमपेठेत त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचे वडील गेले. मीही सोबत होते. सगळे खाली मान घालून बसलेले, आणि सर त्या सहकाऱ्याच्या शेजारी बसून म्हणाले, "मागच्या तीन रात्री पंखा कोणत्या खोलीत होता?" मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सहकाऱ्याने मान वर केली. मग म्हणाला, "वरच्या खोलीत झोपत होते, सर. स्लॅबखाली. ऐकतच नव्हते." आणि एवढा वेळ कोरडे असलेले त्याचे डोळे भरून आले. तो पुढे अर्धा तास वडिलांबद्दल बोलत राहिला, किती हट्टी होते, वरच्या खोलीतून रस्ता दिसतो म्हणून कसे खाली येत नव्हते. बाहेर आल्यावर मी सरांना म्हटलं, असं विचारतात का कुणी? ते म्हणाले, "कोणी विचारत नाही, म्हणून तं आपल्याजवळ डेटा नाही." छत्री उघडून ते चालायला लागले. छत्री ते फक्त उन्हाळ्यात वापरत. पावसाळ्यात मागेल त्याला देऊन टाकत आणि स्वतः भिजत, मग शिंकत बसत.

सर मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. वडिलांचा धोटा, म्हणजे मागावर इकडून तिकडे जाणारी ती लाकडी होडी, त्यांच्या टेबलावर कागद उडू नये म्हणून ठेवलेला असे. आपलं सगळं शास्त्र आपण त्या मागाच्या खड्ड्यात शिकलो असं त्यांचं म्हणणं. "सूत तुटलं का बाप मले म्हणे, आजचा दिवस नको पाहू. काल खळ कशी लावली ते पाह्य." ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला आदल्या दिवशी पिठाची खळ नीट बसली नाही तर ते दुसऱ्या दिवशी कोरड्या हवेत तटातट तुटतं. सरांच्या डोक्यात मागच्या दिवसांचं वेड तिथून शिरलं होतं.

मला कामाला लावलं त्या आठवड्यात त्यांनी सगळी पद्धत धोटा हातात घेऊन समजावली. उभे धागे म्हणजे तापमान, थंडीपासून उन्हापर्यंत. आडवे धागे म्हणजे दिवस, आज, काल, परवा असे मागे मागे. दोन्ही विणले की एक कापड तयार होतं आणि त्या कापडावर कुठे किती माणसं जास्त गेली ते उठून दिसतं. सरांनी आधीच्या थोड्या नोंदींवरून काढलेलं ते कापड संगणकाच्या पडद्यावर खरंच रंगीत चादरीसारखं दिसे. चादर बरीचशी सपाट होती. थंडीच्या बाजूला एक लांबट, हलका फुगवटा. आणि कडक ऊन व पहिले दोन-तीन दिवस जिथे एकमेकांना छेदत, तिथे कुणीतरी खालून मूठ उगारावी तशी ती वर आलेली.

"हे पाह्य," सर त्या टोकाला बोट लावून म्हणाले. "इथं माणसं जातात."

मी बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. कारण माझे बाबा तिथेच होते.

हे मी सरांना सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. तिथली एक सवय त्यांच्या अंगात मुरली होती. कुठलंही यंत्र उघडलं, साफ केलं, की त्यावर पेन्सिलीने तारीख आणि केलेलं काम लिहायचं. आमच्या घरी मिक्सरच्या बुडाशी, घड्याळाच्या पाठीवर, शिलाई मशीनच्या झाकणात त्यांचं बारीक अक्षर सापडे. त्यांना हृदयाचा त्रास होता, गोळ्या चालू होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या कूलरच्या ताट्या, म्हणजे बाजूंना लावायच्या खसच्या चौकटी, बदलायच्या होत्या. नवरा दौऱ्यावर, मी दिवसभर ऑफिसात, घरी थांबायला कोणी नाही. मी बाबांना फोन केला की या आठवड्यात कधीतरी या, किल्ली शेजारी आहे, तुम्ही फोन केला की ताटीवाला येईल. ते आले. कोराडीहून बसने, मग ऑटोने. मी घरी पोचले तोवर काम करून परतही गेले होते. दोन दिवसांनी त्यांना इकडच्या शहरातल्या दवाखान्यात आणावं लागलं आणि ते तिथेच गेले.

कूलरच्या ताट्यांसाठी मी हृदयाच्या रुग्णाला मे महिन्याच्या दुपारी बसमधून बोलावलं होतं. मला कुणी बोल लावला नाही, त्यामुळे तो उतरवूनही ठेवता आला नाही. मी कूलरवर जुनी चादर टाकली आणि दोन उन्हाळे पंख्यावर काढले. नागपुरात राहणाऱ्यालाच याचा अर्थ कळेल. सरांकडेही मी कूलरच्या झोतातून खुर्ची सरकवून बसायचे. सर विचारत, "तू घामात काहून बसून राहिली वं?" मी म्हणायचे, आवाजाने डोकं दुखतं.

काम तसं सोपं होतं. रजिस्टरातली प्रत्येक ओळ संगणकात टाकायची. तारीख, वय, स्त्री की पुरुष, मृत्यूचं कारण. शिवाय हवामान खात्याचे रोजचे तापमानाचे आणि पावसाचे आकडे वेगळ्या रकान्यांत. कारणाच्या रकान्यावर मात्र सर रोज एकदा तरी भडकत. कारण जवळजवळ प्रत्येक ओळीत तेच लिहिलेलं असे, हृदय आणि श्वास बंद पडल्यामुळे. "अरे, स्कूटरवरून पडला त्याचंही हृदयच बंद पडलं, विहिरीत पडला त्याचंही. हृदय चालू असताना कोणाले जाळलं का आजपर्यंत?" असं ते त्या न दिसणाऱ्या डॉक्टरांना विचारत. मग खाली बारीक अक्षरात लिहिलेलं खरं कारण भिंगातून शोधत. न सापडलं तर ओळ बाजूला. एका दुपारी अशा सात-आठच ओळी होत, पण ते घाई करत नसत. "घाई मेलेल्याले नसते," म्हणत.

घाई मला होती. त्या ओळींवरून लवकर पुढे जावं एवढंच मला वाटे. म्हणूनच माझ्या हातून ती चूक झाली.

तीन महिन्यांनी माझ्या नोंदींचे पहिले आलेख निघाले, वारांचा आणि तारखांचा. सर पडद्याजवळ सरकले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "काहून वं, नागपुरात रविवारी कोणी मरत नाही काय?"

मी बघितलं. रविवारचा खांबच नव्हता. सोमवारी मात्र माणसं झुंडीने जात होती.

"आणि दिवाळीत तं चार दिवस अख्खं गाव अमर," सर म्हणाले.

रजिस्टरात दोन तारखा असतात. एक मृत्यूची, घाईघाईत हाताने खरडलेली. दुसरी नोंदणीची, रबरी शिक्क्याने ठसठशीत उमटलेली. मी तीन महिने शिक्क्याची तारीख टाकत आले होते. ऑफिस रविवारी बंद, म्हणून रविवारी मरण बंद. घरचे लोक दोन-तीन दिवसांनी नोंद करायला जातात, म्हणजे प्रत्येकाचं ऊन चुकीच्या दिवसाला चिकटलं होतं. माझ्या नोंदींवरून चादर विणली असती तर तिच्यावरची मूठ खरीपेक्षा बरीच वेगळी निघाली असती.

सर ओरडले नाहीत. भर दोनच्या उन्हात छत्री घेऊन निघून गेले, तासाने परत आले, माठातलं दोन ग्लास पाणी प्यायले आणि म्हणाले, "एवढ्या लोकांले तू तीन-तीन दिवस जास्त जगवलं. पुण्य लागलं तुले. आता पुन्हा टाईप कर." चुकीची फाइलसुद्धा त्यांनी पुसू दिली नाही. लोक किती दिवसांनी नोंद करतात हे तिच्यातून कळतं म्हणून वेगळ्या नावाने ठेवून दिली. मी घरी जाऊन रडले, पण दुसऱ्या दिवशी काकूंनी पोळ्यांचा डबा समोर ठेवला आणि मी पहिल्या रजिस्टरापासून पुन्हा सुरुवात केली.

या खेपेला सरांनी तपासणी स्वतःकडे घेतली. विणकर ताण्याचे धागे मोजतो तसे ते प्रत्येक पानावरच्या ओळी मोजत, पेन्सिलीने कोपऱ्यात आकडा लिहीत आणि माझ्या फाइलशी ताडून बघत. मला त्यांच्या त्या मोजण्याची भीती वाटत होती. आणि एका सकाळी त्यांनी एक पान माझ्यापुढे ठेवलं, वर धोटा ठेवला.

"या पानावर सतरा आहेत. तुया फाइलीत सोळा. मागच्या खेपेलाही सोळाच होते, मी जुनी फाइल काढून पाहिली."

मी पानाची कड सरळ करत राहिले.

"एखादी ओळ एकदा सुटते. दोनदा तीच ओळ सुटत नाही. कोणती गाळली?"

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण असा कोरडा मी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या हिशेबी आकडा चुकणं माफ होतं, आकडा लपवणं नव्हतं. मला वाटलं, संपलं हे काम. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी भिंग धरलं. आडनाव वाचलं, माझ्या बी.एस्सी.च्या प्रमाणपत्रावर होतं तेच. पुढे वाचलं, रा. कोराडी. भिंग खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि समोरची खुर्ची ओढून बसले.

मग मी सगळं सांगितलं. ताट्या, फोन, बस, दोन दिवस.  काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

सर आधी म्हणाले ते शास्त्र होतं. "हे कापड गावाचं आहे. अशा दिवशी किती माणसं जास्त जातात ते याले विचारता येते. त्यातला कोणता माणूस, ते नाही विचारता येत. तुया बापाचं कारण या चादरीत नाही." हे मला आधीपासून माहीत होतं. मीच ते अहवालाच्या मसुद्यात सरांच्या सांगण्यावरून टाईप केलं होतं. त्याने मला काडीचंही बरं वाटलं नाही.

ते त्यांच्या लक्षात आलं असावं. कारण त्यांनी मग तेच केलं जे ते कुणाच्याही घरी करत. प्रश्न विचारायला लागले. "मागचे तीन दिवस सांग. तू त्यांले पाहिलं त्या दिवशी?"

"नाही, सर. मी आले तेव्हा ते गेले होते. चारच्या सुमारास गेले, असं शेजारीण म्हणाली."

"मग उन्हात आले हे कोणी सांगितलं?"

"मे महिना होता, सर. आणि त्यांचा दुपट्टा घरी राहिला होता. डोक्याला ओला करून बांधून आले असणार. गॅलरीत दोरीवर होता."

"ओला होता?"

"हो. मी पिळून पुन्हा वाळत घातला."

"किती वाजता?"

"साडेसहा असतील."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फक्त एकदाच पाहिलं होतं, तो रविवारचा खांब गायब दिसला तेव्हा. ते उठले, मोरीत गेले, स्वतःचा दुपट्टा नळाखाली धरून पिळला आणि अंगणातल्या दोरीवर टाकला. घड्याळ बघितलं. आम्ही तिघं दोरीकडे बघत बसलो. तेव्हा नुकताच एप्रिल लागला होता. थोड्या वेळाने त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला. पापडासारखा वाजत होता.

"हा एप्रिल आहे आणि सकाळ आहे," ते म्हणाले. "मे महिन्यात गॅलरीतला दुपट्टा अडीच तासांनी ओला नाही राहत वं. राहिला तं हवेत ओल पाहिजे. तारीख सांग."

मी सांगितली.

"आता हवामानाचा रकाना उघड. मी नाही, तू उघड. आकडे तू टाईप केले आहेत."

टाईप केले होते, पण सलग वर्षं लावून, तारखांकडे न बघता, बोटं चालवत. आणि त्या आठवड्याच्या आसपास मी नंतर कधी गेलेच नव्हते. आता गेले. त्या तारखेसमोर तापमान चाळिशीच्या खूप खाली होतं. आदल्या दिवशीही उतरलेलं. पुढच्या रकान्यात पावसाचा आकडा होता. माझ्याच हाताने टाकलेला. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या बंद, थंडगार खोलीत होते. बाहेर आले तेव्हा रस्ते सुकले होते, आणि माझ्या डोक्यात मे म्हणजे ऊन एवढंच होतं. त्या उन्हात मी बाबांना दोन वर्षं रोज बसमधून आणत होते.

"अवकाळी," सर म्हणाले. "ऊन नव्हतंच त्या दिवशी. तसं पाहिलं तं एकदम तापमान पडलं का त्याचाही थोडा परिणाम—"

"एक शब्द पुढे बोलले तं आज जेवायले मिळणार नाही," काकू दारातून म्हणाल्या.

मला हसू आलं. आधी रडू आणि मग त्यातच हसू, नाक पुसायला हाताशी सरांचा तो दुपट्टाच होता. काकूंनी माझा फोन उचलून माझ्या हातात कोंबला. "आईले विचार."

आई कोराडीलाच असते. तिने फोन उचलला तेव्हा मागे कुकरची शिट्टी होत होती. मी विचारलं, बाबा माझ्याकडे आले त्या दिवशी पाऊस होता का गं?

"होता नाही तं काय. सकाळपासून आभाळ भरून होतं. तुये बाबा म्हणे, आज थंड आहे तं आजच जाऊन येतो पोरीकडे, उद्या ऊन पडन. बर्डीच्या स्टॉपवर उतरले तं पाऊस आला. टिनाखाली उभे राहून तर्री-पोहे खाल्ले म्हणे, दोन प्लेट. तुले सांगू नको म्हणे."

"मग तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंच कधी? तू तं त्या दिवसाचं नावच काढू देत नव्हती." कुकर बंद करून ती म्हणाली, "लय खूश होते आल्यावर. म्हणे, पोरगी आता गारव्यात झोपन."

फोन स्पीकरवर नव्हता, पण आईचा आवाज असा की हॉलभर ऐकू गेला. तर्रीचं, म्हणजे त्या तेलकट, तिखट रश्श्याचं नाव निघताच सरांनी तोंड उघडलं. मग काकूंकडे बघितलं आणि मिटलं.

मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. बाबा काही परत आले नव्हते, त्यांचं हृदय दुबळंच होतं आणि ते कधीतरी थांबणार होतं. पण त्या दिवशी ते माझ्यासाठी उन्हात भाजत आले नव्हते. चांगला दिवस निवडून, पाऊस बघत, चोरून तर्री खाऊन आले होते. सरांनी धोटा उचलला, पान हातात घेतलं आणि खडा आवाज काढून वाचायला लागले, तारीख, पुरुष, वय, कारण. मृत्यूची तारीख त्यांनी दोनदा वाचली. मी एकेक रकाना भरला. शेवटी त्यांनी कोपऱ्यातल्या सतराला गोल केला आणि म्हणाले, "भरला ताणा." दुपारी मी खुर्ची कूलरसमोर ओढून बसले, तर त्यांनी थर्मामीटर माझ्या टेबलावर आणून ठेवला.

सर आता मुलाकडे बंगळुरूला असतात. तिथे त्यांचं मन रमत नाही. फोनवर कुरकुरतात, "इथं हवामानच नाही वं. रोज तेच. काय मोजावं माणसाने?" मे महिन्यात मात्र त्यांचा फोन हमखास येतो, दुपारी दोनला, माझ्या हॉलचं तापमान विचारायला. मीही आता एक काचेची नळी घेतली आहे, पण अजून कुणाच्या सोफ्यावर ठेवण्याची हिंमत झालेली नाही.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी घरी येऊन मी कूलरवरची चादर काढली. धूळ झटकली, बाजूची जाळी उघडली. खसच्या ताट्या दोन वर्षं कोरड्या पडून तपकिरी झाल्या होत्या, पण पाणी मारताच वास आला. आतल्या पत्र्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात तारीख होती. खाली लिहिलं होतं, तिन्ही ताट्या नवीन, पंप साफ, मोटर पुढच्या वर्षी पाहणे.

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "तारीख कोणती होती? काम केलं ती का लिहिलं ती?"

"दोन्ही एकच, सर."

"मग तुयापेक्षा चांगली नोंद ठेवत होता तुया बाप," ते म्हणाले आणि पुढचं पान मोजायला लागले. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मी कुणाला मिळालेली पाहिली नाही.

त्याच रविवारी मी इलेक्ट्रिशियन बोलावून मोटर उघडून घेतली. वंगण घातलं, वायर बदलली. तो गेल्यावर मी बाबांच्या ओळीखाली पेन्सिलीने तारीख घातली आणि लिहिलं, मोटर पाहिली, चांगली आहे. मग बटण दाबलं आणि तिथेच समोर फरशीवर बसले.